कोणत्या घरी?

शाळा सुटली की स्टाफरूममध्ये छत्र्या, पिशव्या आणि रिकामे डबे गोळा करायची घाई उडायची. कुणी ना कुणी म्हणायचं, चला, घरी जाते. लगेच खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज यायचा, "कोणत्या घरी?"

हा आवाज कदमसरांचा. विचारताना ते हसत नसत आणि डोळा वगैरे मिचकावत नसत. उत्तर मिळेपर्यंत ते तुमच्याकडे बघत राहायचे. उत्तर दिलं की मान हलवून पुन्हा आपल्या वह्यांमध्ये डोकं घालायचे.

मला पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी शाळेत नवी, इंदूरलाही नवी. माहेर देवासचं, सासर मल्हारगंजातलं. नव्या लग्न झालेल्या बाईला सासरी जातेस की माहेरी, असं चारचौघांत विचारणारा हा माणूस कोण, असं वाटलं. पण मग लक्षात आलं की ते शिपाई दौलतलाही तेच विचारतात. दौलतला परदेशीपुऱ्यात गिरणीमागे एक खोली होती आणि जगात दुसरं काही नव्हतं. तो बिचारा रोज सांगायचा, "एकच तो है, सर." त्यावर सर असे निश्चिंत व्हायचे की जणू दौलतच्या मुलीचं लग्न ठरलं.

एकदा मात्र या सवयीने कहर केला. आमच्या हेडमास्तरांबद्दल गावात थोडी कुजबुज होती. एक घर सगळ्यांना ठाऊक होतं आणि दुसऱ्याबद्दल सगळे हळू आवाजात बोलायचे. शाळेच्या कार्यकारिणीची बैठक आटोपली, मंडळी उठली. हेडमास्तर टोपी घालत म्हणाले, निघतो आता, घरी वाट बघत असतील. कदमसर शांतपणे म्हणाले, "कोणत्या घरी?" चहाचे कप जिथल्या तिथे थांबले. हेडमास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. कदमसरांना काय झालं ते कळलंच नाही. पुढे वर्षभर त्यांच्या वाट्याला उन्हाळ्यातले शेवटचे तास आले, तेही त्यांनी बिनतक्रार घेतले.

दिसायला सर भरदार होते. वडील दरबारच्या रिसाल्यात होते, घोड्यावरचा तो ताठा मुलाच्या पाठीत उतरला होता. दरबार गेला, रिसाला गेला, मध्य प्रदेश नावाचं नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. मल्हारगंजातल्या ओट्यांवर या विषयाची रोज संध्याकाळी शोकसभा भरायची. सर तिच्यात कधी बसले नाहीत. "राजधानी गेली, पोहे तर राहिले ना, भिया," एवढंच त्यांचं त्यावरचं भाषण. पोह्यांवर शेव मात्र ते अशी घालायचे की खाली पोहे आहेत हे विश्वासावर मानावं लागे.

लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आई, मग एकटे. शाळेत पायी येत आणि पायी जात. आमच्या ह्यांनी नवी स्कूटर घेतली तेव्हा कौतुकाने त्यांना मागे बसायचा आग्रह केला. सर स्कूटरभोवती एक चक्कर मारून आले, दिवा लावून दाखवा म्हणाले, विझवा म्हणाले, पुन्हा लावा म्हणाले. मग छान आहे म्हणाले आणि चालत निघून गेले. ह्यांनी मला विचारलं, तुमचे हे सर जरा ढिले आहेत का? मी हसून हो म्हणाले.

विज्ञान शिकवायचे फार सुंदर. मी मराठीची बाई, पण माझा तास मोकळा असला की मी त्यांच्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर वह्या तपासायला बसायची. बॅटरीचा धडा ते शिदोरीवरून शिकवत. प्रवासाला निघताना आई बांधून देते ती शिदोरी. वाटेत चूल नाही. जेवढं बांधलं तेवढंच, आणि दोघं खायला बसले तर निम्म्या वाटेत संपणार. मुलांना ते इतकं पटायचं की परीक्षेत अर्धी मुलं बॅटरीत किती पोळ्या मावतात ते लिहून यायची. त्यापुढचा धडा डायनॅमोचा, म्हणजे गाडी चालताचालता वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. तो ते कधीच शिकवत नसत. दरवर्षी त्या आठवड्यात ते गणिताच्या सरांशी तास बदलून घ्यायचे. त्यांना तो धडा येत नाही, असा स्टाफरूमचा निकाल होता. त्यांच्यासमोर तसं कुणी बोललं तरी ते नाही म्हणत नसत.

एका रविवारी मी माहेरी निघाले होते. देवासच्या बसमध्ये पुढच्या बाकावर सर. हातात खजुराचा पुडा. मीच संधी साधून विचारलं, "कोणत्या घरी, सर?" तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की माझ्या मित्राच्या आईकडे, दर रविवारी जातो. 

मित्राची आई म्हणजे आमच्याच गल्लीतल्या मोरेमाई निघाल्या. माझ्या लग्नानंतर माहेर त्या गल्लीत राहायला आलं होतं, म्हणून सरांना तिथे मी कधी पाहिलं नव्हतं; नाहीतर आमच्या ओट्यावरून माईंचं दार सरळ समोर दिसायचं. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या कचेरीत त्यांचे यजमान कारकून होते, ते लवकर गेले. मुलगा सुधाकर इंदूरला गिरणीच्या ऑफिसात लागला आणि मोटरसायकलच्या शर्यतींच्या नादाला लागला. मी शाळेत शिकत असताना तो गेला, देवासच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं, एवढंच मला ठाऊक होतं. माई मला बघून म्हणाल्या, अगं कुंदा, तू ह्याच्याच शाळेत? हा माझा दुसरा मुलगा. सर तेव्हा विहिरीवरून त्यांचं पाणी भरत होते. हातातली कळशी खाली न ठेवताच ते आत निघून गेले.

त्या संध्याकाळी सर परत गेल्यावर माईंनी मला बोलावून घेतलं. भाजी निवडता निवडता एकदम म्हणाल्या की तुला एक विचारायचं आहे. मग सांगू लागल्या. गेला त्याच्या आधीच्या महिन्यात सुधाकर त्या गाडीवरून आला होता. त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. माईंनी त्याला बजावलं होतं, ह्या गाडीवर बसून माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस. तो गेला तो गेलाच. मग तो देवासच्या रस्त्यावर आला कशाला? देवासपुढे उज्जैनचा फाटा आहे, मक्सी आहे, त्याचे शर्यतीतले मित्र सगळीकडे होते. "माझ्या दारावरून पुढे जात होता, की माझ्याकडे येत होता?" माई म्हणाल्या. "माधवला, तुझ्या ह्या सरांना, विचारलं तर म्हणतो, मला काही बोलला नाही. इतकी वर्षं तेवढंच म्हणतो. तू विचारून बघ."

आईने रागात बोललेला एक शब्द आणि त्यानंतर इतकी वर्षं त्याची किंमत.  आपण काही विचारावं की नाही, याचाही निर्णय होईना. पण माईंचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शाळा सुटल्यावर मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं. ते काचेच्या नळ्या धूत होते. हात धुवायची त्यांना भारी सवय होती, नखं नेहमी शस्त्रक्रिया करायला निघाल्यासारखी स्वच्छ. मी सरळ विचारलं की सुधाकरभाऊ त्या दिवशी कुठे निघाले होते. सरांनी नळ्या एकेक करून स्टँडमध्ये लावल्या. सगळ्या लावून झाल्यावर स्टुलावर बसले आणि बोलायला लागले. 

सुधाकर चालवायचा आणि सर गाडी तयार करायचे. गाडी साडेतीनशे सीसीची, इंजिनातली ठिणगी बॅटरीच्या विजेवर पडणारी. शर्यतीच्या गाडीला डायनॅमोचं ओझं कशाला, ही सरांचीच कल्पना. इंजिनाला डायनॅमो फिरवायला ताकद खर्च करावी लागते. तो काढून टाकला की गाडी हलकी होते आणि मोकळी पळते. बॅटरी सियागंजच्या दुकानातून गच्च भरून आणायची, दिवा काढून ठेवायचा, आणि शर्यतीपुरतं त्या साठ्यावर पळायचं. "शिदोरीवर," सर म्हणाले. तो शब्द त्यांचा दोघांचा होता. मुलांना शिकवताना तोच तोंडात यायचा.

थंडीचे दिवस होते. गावाबाहेरच्या मैदानात शर्यत झाली. सुधाकर पहिल्यांदाच पहिला आला. खूप वेळ नुसतं पाठीवर थापा मारणं चाललं. दिवस कलायला लागला तसा सरांनी दिवा पुन्हा बसवून दिला. डायनॅमो बसवायला तासभर लागला असता. हात काळे झालेले, पोटात भूक. उद्या सकाळी आपल्या ओट्यावर बसवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यांचं घर मल्हारगंजात आणि सुधाकरची भाड्याची खोली त्याच गल्लीत, दोन दारं सोडून. तेवढ्या अंतराला बॅटरीत उरलं होतं ते पुष्कळ होतं. सर मागून एका मित्राच्या ट्रकमधून सामान घेऊन येणार होते.

"गाडीवर बसला आणि मला म्हणाला, घरापर्यंत पोचेल ना? मी म्हटलं, आरामात."

 मग सर सावकाश म्हणाले, "बाई, तो खोलीला कधीच घर म्हणत नव्हता. खोलीवर जाऊन राहिलो, खोलीवर ये, खोलीवर विसरलं. घर म्हणजे त्याचं देवास. मला माहीत होतं ना. रोज ऐकत होतो. पण मला घर एकच. माझ्या कानाने मल्हारगंज ऐकलं."

पुढचं मला न सांगताही समजलं. देवासचा रस्ता तासाभराचा आणि अंधार पडलेला. एका शिदोरीवर ठिणगी आणि दिवा असे दोघं जेवायला बसलेले. दिवा पिवळा पडत गेला असणार, मग इंजिन अडखळलं असणार. बिनदिव्याची गाडी ढकलत तो रस्त्याच्या कडेने चालला होता, घर तीन-चार मैलांवर राहिलं होतं. मागून आलेल्या कुणा अनोळखी ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. कोर्टात सगळा दोष ट्रकवाल्यावर गेला. सर म्हणाले की त्याला शिक्षा झाली त्या दिवशी मी कोर्टात शेवटच्या बाकावर बसलो होतो आणि तोंडातून आवाज फुटला नाही.

आणि माईंना? माईंनी स्मशानातून आल्यावर पहिलं हेच विचारलं होतं, कुठे निघाला होता रे? तो घरी निघाला होता म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार की मग तुला काही बोलला का, तू काय म्हणालास. म्हणून त्यांनी एकच वाक्य पाठ केलं, मला काही बोलला नाही. डायनॅमोचं पाप झाकायला ते एक वाक्य पुरलं.

तेव्हा मी त्यांना माईंचं भांडण सांगितलं. दारात पुन्हा येऊ नकोस म्हटलं होतं ते. तो आपल्या दारावरून पुढे जात होता का, या एका शंकेवर त्या इतकी वर्षं झुरताहेत ते. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. माईंनी ते भांडण त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.  समोरच्या भरदार माणसाचे खांदे माझ्या डोळ्यांदेखत उतरले. आपण एक चूक केली आणि ती लपवली, एवढाच त्यांचा हिशेब होता. लपवलेल्या जागी दुसऱ्याच कुणाचं काही पडलेलं असेल, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, रविवारी याल का माझ्याबरोबर? एकट्याने माझी जीभ उचलणार नाही.

त्या रविवारी बसमध्ये त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. मी उचलून बाजूला ठेवायला गेले तर मनगट लचकलं. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेला तो डायनॅमो होता. घरी देवांच्या फडताळाखाली त्यांनी तो इतकी वर्षं जपून ठेवला होता. त्यांच्या आईला वाटायचं, शाळेचं काही सामान असेल.

माई भाकरी थापत होत्या. सरांनी तो चुलीपासून जरा लांब फरशीवर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मधून मधून त्यांचं मराठी सुटून हिंदी होत होतं, मग पुन्हा मराठी. मला काढायला नको होता माई, काढला तर बसवायला पाहिजे होता, गलती माझी, ट्रकवाल्याची नाही. माईंना यंत्राचं काही कळत नव्हतं. त्यांनी पिठाच्या बोटाने त्या लोखंडाला हात लावून पाहिला, एवढंसं होय हे, म्हणाल्या. मग सर त्या वाक्यापाशी आले.

"काय म्हणाला तो?" माईंनी विचारलं.

"घरापर्यंत पोचेल ना, म्हणाला."

"पुन्हा सांग."

सरांनी पुन्हा सांगितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी उठून ती उतरवली, कारण त्या दोघांतल्या कुणाचं तिकडे लक्ष जाणार नव्हतं. माईंनी तिसऱ्यांदा विचारलं, सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. माईंच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता ह्या रडतील आणि सगळं मोकळं होईल. त्या रडल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि सरांकडे वळल्या.

"ह्या लोखंडाचं तुझं तू बघ, माधव. चूक कुणाच्याही हातून होते. पण ते वाक्य माझं होतं. माझ्या मुलाने माझ्यासाठी मागे ठेवलेलं. ते तू ठेवून घेतलंस."

  माई आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही थोडा वेळ थांबलो. मग सरांनी पिशवी उचलली आणि आम्ही दुपारच्या बसने परत आलो. मल्हारगंजच्या कोपऱ्यावर निरोप घेताना मी सवयीने म्हणाले, घरी जाते. त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

त्यानंतर शाळेत तो प्रश्न बंद झाला. दौलतला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, तो मुद्दाम त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन घर घर म्हणायचा. सर मान हलवायचे. त्या वर्षी मात्र डायनॅमोचा धडा त्यांनी स्वतः शिकवला. पिशवीतलं ते लोखंड टेबलावर ठेवलं, मुलांच्या हातात दिलं, कसं फिरतं ते दाखवलं. मी कट्ट्यावर बसून ऐकत होते. पोरं खूश होती. आवाज सरांचाच होता, पण ऐकवत नव्हतं.

देवासला ते जायचे थांबले नाहीत. पहिल्या रविवारी माईंनी दार उघडलं नाही, असं आईने मला सांगितलं. सर ओट्यावर खजुराचा पुडा ठेवून गेले. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी आतून माईंनी विचारलं, काय म्हणाला होता? सरांनी सांगितलं आणि कडी निघाली. मग तोच रिवाज पडला. पाणी भरणं, दळण आणणं, औषधं सगळं पूर्वीसारखं, पण आधी ते वाक्य. माईंनी क्षमा केली की शिक्षा दिली, हे मला अजूनही सांगता येत नाही. मी एकदा सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "शिक्षा असती तर बरं झालं असतं, बाई. त्यांना ते ऐकायचं आहे, बस."

ह्यांची बदली भोपाळला झाली. जायच्या आधी दोन दिवस माहेरी आले होते. रविवार होता. सकाळचं ऊन टेकडीवरून गल्लीत उतरलं होतं आणि मी ओट्यावर केस वाळवत बसले होते. सर आले. पाठ अजून ताठ होती, पण केस पार पांढरे झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माईंच्या दारासमोर चपला काढल्या, पुडा काखेत धरला आणि बंद दाराकडे तोंड करून ते वाक्य म्हटलं.

आतून काही उत्तर आलं नाही. माईंना आताशा कमी ऐकू यायचं. सरांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. गल्लीत विटीदांडू खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. एक म्हातारा माणूस लावलेल्या दाराला विचारतोय, ह्याची त्यांना गंमत वाटली. सरांनी दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरापर्यंत पोचेल ना?"

पोरं खिदळली. आत पावलं वाजली. मग कडी निघाल्याचा आवाज आला.